हार्बर रिव्हिजन ऑर्डरची वाट सोपी कशी होईल?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एका लहान विश्वस्त बंदराच्या (म्हणजे स्वतंत्र विश्वस्त मंडळ चालवते अशा बंदराच्या) कार्यालयात काम करणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारले आहे: "आमच्या बंदराची हद्द, उपविधी आणि हार्बर मास्तरचे अधिकार एकोणिसाव्या शतकातील एका कायद्यात अडकून पडले आहेत. ते बदलण्यासाठी हार्बर रिव्हिजन ऑर्डरचा, म्हणजे बंदराचा स्थानिक कायदा बदलणाऱ्या सरकारी आदेशाचा, अर्ज करावा म्हटले की सल्लागार 'दोन-तीन वर्षे धरून चला' असे सांगतात. चार कलमे बदलायला इतका वेळ का लागतो, आणि ही प्रक्रिया सोपी करता येणार नाही का?"

प्रश्न रास्त आहे. अशा आदेशांचे मसुदे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि अनुभवाने माझे मत असे झाले आहे की प्रक्रियेतला जो भाग सरकारी कार्यालयात घडतो त्याच्यावर सगळे बोट ठेवतात, पण बहुतेक वेळ अर्ज दाखल होण्याआधीच, बंदराच्या स्वतःच्या टेबलावर जातो. कायद्यातही सुधारणेला जागा आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितो; मात्र आपल्या बंदराला खरा फायदा होईल तो मसुदा शहाणपणाने लिहिण्यातून, म्हणजे असा एक आदेश मिळवण्यातून की त्यानंतर बरीच वर्षे दुसरा आदेश मागावाच लागू नये.

आधी आदेश लागतोच का, ते पाहू, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे थोडे विचित्र वाटते. आपल्याकडे 1908 च्या भारतीय बंदरे अधिनियमाच्या काळात बंदराची हद्द बदलायची असेल तर सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की काम होत असे, कारण देशभरच्या बंदरांना तो एकच कायदा लागू होता. ब्रिटनमध्ये अशी एकसंध चौकट कधी उभीच राहिली नाही. इथे बहुतेक प्रत्येक बंदर आपापल्या स्थानिक कायद्यातून जन्माला आले आहे. त्या कायद्यात 1847 च्या हार्बर्स, डॉक्स अँड पिअर्स क्लॉजेस अ‍ॅक्टमधील, म्हणजे बंदरांसाठीच्या नमुना कलमांच्या कायद्यातील, काही कलमे घेतलेली असतात, काही वगळलेली असतात आणि काही अर्धवट बदललेली असतात. बंदर प्राधिकरण ही कायद्याने निर्माण केलेली संस्था असल्यामुळे कायद्याने दिला नाही तो अधिकार तिला नसतो. विश्वस्तांची संख्या बारावरून नऊ करणे, कर्जाची मर्यादा वाढवणे किंवा बंदराची हद्द नदीमुखापर्यंत नेणे, यांतली कोणतीही गोष्ट विश्वस्त मंडळाच्या साध्या ठरावाने होत नाही.

1964 पूर्वी यासाठी पार्लमेंटमध्ये खासगी विधेयक आणावे लागे, किंवा 1861 च्या जनरल पिअर अँड हार्बर अ‍ॅक्टखाली तात्पुरता आदेश मिळवून त्यावर पार्लमेंटची मोहोर उमटवून घ्यावी लागे. लॉर्ड रॉचडेल यांच्या समितीने 1962 मध्ये बंदरांच्या कारभारावर अहवाल दिला, त्यानंतर हार्बर्स अ‍ॅक्ट, 1964 आला आणि त्याच्या कलम 14 ने स्थानिक कायदा बदलण्याचे काम मंत्र्यांच्या आदेशावर सोपवले. आज आपण ज्या प्रक्रियेला किचकट म्हणतो ती त्या वेळी सुलभीकरण म्हणूनच आली होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

इंग्लंडमध्ये 1 एप्रिल 2010 पासून हे आदेश काढण्याचे काम मंत्र्यांच्या वतीने मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन ही सरकारी संस्था करते, जिचे मुख्यालय न्यूकॅसलला आहे. स्कॉटलंडमध्ये ते स्कॉटिश मंत्र्यांकडे आहे. वेल्समध्ये 2018 पासून वेल्श मंत्र्यांकडे गेले आहे, मिलफर्ड हेवनसारखे ब्रिटन सरकारने स्वतःकडे राखून ठेवलेले विश्वस्त बंदर वगळून. आपले बंदर इंग्लंडमध्ये असल्याने पुढचे विवेचन त्याच दृष्टीने वाचावे.

कायद्याची कसोटी 1964 च्या हार्बर्स अ‍ॅक्टच्या कलम 14(2)(ब) मध्ये आहे. बंदराची सुधारणा, देखभाल किंवा व्यवस्थापन कार्यक्षमतेने आणि काटकसरीने व्हावे, समुद्रमार्गे माल-प्रवासी वाहतूक सुकर व्हावी, किंवा समुद्रात जाणाऱ्या नौकांचा मनोरंजनासाठी वापर व्हावा, यांपैकी कशासाठी तरी आदेश इष्ट आहे अशी निर्णय देणाऱ्याची खात्री पटावी लागते. आदेशाने काय काय साधता येईल त्याची यादी दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि तिच्या शेवटी बंदराचे कामकाज नीट चालण्यास उपयोगी अशा इतर कोणत्याही गोष्टीला वाट ठेवलेली आहे. म्हणजे आदेशाचा आवाका मुळीच तोकडा नाही. तिसऱ्या परिशिष्टात कार्यपद्धती आहे: मसुदा आणि नकाशासह अर्ज, लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात सूचना, स्थानिक वृत्तपत्रात लागोपाठ दोन आठवडे जाहिरात, हरकतींसाठी 42 दिवस, आणि हरकत टिकून राहिली तर जाहीर चौकशी किंवा निदान हरकतदाराला नेमलेल्या व्यक्तीपुढे म्हणणे मांडण्याची संधी. हरकत क्षुल्लक असेल किंवा तिला कारणच दिलेले नसेल तर ती बाजूला ठेवता येते. आदेश निघाल्यावर न्यायालयात आव्हान द्यायला सहा आठवड्यांची मुदत असते.

आता हे आकडे मांडून बघा. बेचाळीस दिवस, दोन आठवडे, सहा आठवडे यांची बेरीज केली तरी वर्षाच्या जवळपासही जात नाही. मग दोन-तीन वर्षे कुठे जातात?

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एका बंदरासाठी मी हद्दीच्या कलमाचा मसुदा करत होतो. मूळ कायद्यात हद्द "जुन्या चुन्याच्या भट्टीपासून समोरच्या काठावरील पांढऱ्या खुणेच्या दगडापर्यंत" अशी सांगितली होती. भट्टी केव्हाच पडली होती आणि दगड एका घरमालकाच्या बागेत कुंपणाला लावलेला सापडला, पण तो मूळ जागी होता की तिथे कोणी आणून बसवला हे सांगणारे कोणी उरले नव्हते. नवा नकाशा अक्षांश-रेखांशांनी काढला तेव्हा प्रश्न आला की हद्द सरासरी भरतीरेषेपर्यंत धरायची की सर्वात उंच उधाणाच्या रेषेपर्यंत. दोन्ही रेषांमध्ये एका ठिकाणी बोटयार्डचा निम्मा उतार बसत होता. ही गोष्ट विश्वस्त, बोटयार्डचा मालक आणि किनाऱ्याखालील जमिनीची मालकी सांभाळणारे क्राउन इस्टेट यांच्यात मिटायला अकरा महिने लागले, आणि तोवर सरकारी कार्यालयाला आमच्या अर्जाचा कागदही दिसलेला नव्हता. आपल्याकडे सातबाऱ्याची हद्द आणि मोजणीची हद्द जुळत नाही तेव्हा जे होते, तेच इथे पाण्यावर होते.

म्हणून पहिला सल्ला असा की मसुद्याला हात लावण्याआधी आपल्या बंदराचे सगळे स्थानिक कायदे, तात्पुरते आदेश, नंतरचे रिव्हिजन ऑर्डर आणि उपविधी एकत्र करून एक तक्ता करावा: कोणते कलम अजून जिवंत आहे, कोणते निष्प्रभ झाले आहे आणि कोणत्या कलमात 1847 च्या कायद्याचा कोणता भाग घेतला आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे पैसे द्यायला विश्वस्त नाखूश असतात, पण ते टाळले तर नेमके तेच प्रश्न पुढे तपासणीच्या वेळी एकेक करून पत्राने येतात, आणि प्रत्येक पत्राला दोन महिने जातात. मोडीत निघालेल्या कलमांबद्दल हार्बर्स अ‍ॅक्टचे कलम 14(2अ) फार उपयोगी आहे. जुनी, कालबाह्य किंवा अनावश्यक स्थानिक तरतूद रद्द करण्यापुरता किंवा विखुरलेल्या तरतुदी एकत्र आणण्यापुरता आदेश असेल, तर तेवढ्या भागासाठी वरची इष्टतेची कसोटी लागूच होत नाही. मला आश्चर्य वाटते की अनेक अर्जांत मेंढ्यांवरील जकातीचे कलम रद्द करणे बंदराच्या कार्यक्षमतेला कसे पोषक आहे यावर दोन-दोन पाने खर्ची घातलेली असतात. त्याची गरज नसते.

दुसरा सल्ला मी सर्वात महत्त्वाचा मानतो. आपल्याला कोणत्या दिशेने कायमचे मोकळे व्हायचे आहे ते आधी ठरवा. बंदराच्या पाण्यातील वाहतूक नियंत्रित करण्याचे इथे तीन मार्ग आहेत. पहिला उपविधींचा, पण त्यांना मंत्र्यांची मंजुरी लागते आणि एका उपविधीत एक शब्द बदलायचा तरी पुन्हा तीच फेरी. दुसरा हार्बर डायरेक्शन्सचा, जो शेरिल मरे यांनी मांडलेल्या खासगी सदस्याच्या विधेयकातून आलेल्या मरीन नॅव्हिगेशन अ‍ॅक्ट, 2013 ने हार्बर्स अ‍ॅक्टच्या कलम 40अ मध्ये घातला. मंत्र्यांनी आदेशाने नाव घातलेल्या प्राधिकरणालाच तो वापरता येतो, बंदर वापरणाऱ्यांशी सल्लामसलत करून निर्देश काढता येतात, आणि ते मोडणाऱ्याला चौथ्या पातळीपर्यंत, म्हणजे 2,500 पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या रिव्हिजन ऑर्डरमध्ये सर्वसाधारण निर्देश काढण्याचा अधिकार मागून घेणे.

मरीन नॅव्हिगेशन अ‍ॅक्टच्या वेळी नौकाविहार करणाऱ्यांच्या संघटनांनी, विशेषतः रॉयल यॉटिंग असोसिएशनने, मंजुरीविना अधिकार मिळाल्यास गैरवापर होईल अशी भीती व्यक्त केली होती. त्यातून निर्देश काढण्याआधी पाळायची आचारसंहिता आली आणि माझ्या मते ती बंदरांच्याही फायद्याचीच ठरली. पण कलम 40अ चे निर्देश जहाजांची हालचाल, ती बांधणे-सोडणे, त्यांवरील साधने आणि त्यांवरील माणसे एवढ्यापुरतेच असतात. धक्क्यावर गाडी कुठे उभी करायची, उतारावर मासेमारीची जाळी कुठे सुकवायची, धक्क्यावरून पाण्यात उड्या मारणाऱ्या मुलांचे काय करायचे, यांना ते पुरत नाहीत. स्वतःच्या आदेशात मागितलेला अधिकार मात्र धक्का आणि पाणी दोन्हींना पुरेल असा लिहिता येतो. लहान बंदराला एकदाच खर्च करायचा असेल तर मी हाच मार्ग सुचवतो.

त्यातही व्याख्या नीट लिहिणे हा निम्मा मसुदा असतो. 2005 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने वेमथजवळच्या एका अपघाताच्या खटल्यात निकाल दिला की जेट-स्की हे नौकानयनासाठी वापरले जाणारे जहाज नव्हे, आणि त्यामुळे मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टखालची शिक्षा रद्द झाली. ज्या बंदरांच्या स्थानिक कायद्यात जहाजाची जुनी व्याख्या होती त्यांच्या हार्बर मास्तरांना त्या दिवसापासून प्रश्न पडला की उन्हाळ्यात पोहणाऱ्यांच्या मधून भरधाव जाणाऱ्या जेट-स्कीला आपण कोणत्या अधिकाराने थांबवायचे. मर्चंट शिपिंग कायद्यापुरती ही उणीव 2023 च्या आदेशाने बरीच भरून निघाली, पण स्थानिक कायद्यातली व्याख्या आपोआप बदलत नाही. म्हणून अलीकडच्या मसुद्यांत जलयानाची व्याख्या वैयक्तिक जलवाहने, हवेवर तरंगणारी वाहने आणि पाण्यावर चालणारे इतर काहीही सामावेल अशी घातलेली दिसेल. ती जशीच्या तशी उचलली तरी चालेल. या बाबतीत नवेपणा दाखवण्यात काही शहाणपण नाही.

याला सुरक्षेचीही बाजू आहे. 1996 मध्ये मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी सी एम्प्रेस हे तेलवाहू जहाज खडकावर चढले. त्यानंतर 2000 मध्ये पोर्ट मरीन सेफ्टी कोड आला. या संहितेनुसार प्रत्येक प्राधिकरणाने आपले अधिकार आणि कर्तव्ये वेळोवेळी तपासावीत आणि अधिकार तोकडे पडत असतील तर ते मिळवावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे आदेश मागणे ही आता हौस राहिलेली नाही. आपल्या सुरक्षा-अहवालात अधिकार अपुरे असल्याची नोंद असेल तर तीच आपल्या अर्जाचा सर्वात भक्कम आधार आहे. ती अर्जासोबत जोडा.

हरकतींचे काय? माझ्या पाहण्यात बहुतेक हरकती कायद्याबद्दल नसतात. एका गावात सभागृहात मसुदा समजावून सांगत असताना एक वृद्ध मच्छीमार उठला आणि त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली पावती काढली. वडिलांच्या काळापासून एकाच जागी होडी बांधण्यासाठी भरलेल्या पैशांची ती पावती होती. मसुद्यात मूरिंग परवान्याचे कलम वाचून त्याला वाटले होते की ती जागा आता जाणार. विद्यमान मूरिंगना धक्का लागणार नाही हे आम्हाला माहीत होते, पण मसुद्यात कुठे लिहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी एका ओळीची बचाव-तरतूद घातली आणि त्याची हरकत दाखलच झाली नाही. तीच हरकत नंतर 42 दिवसांत आली असती आणि टिकली असती, तर सुनावणीची तयारी करावी लागली असती. म्हणूनच अर्जाआधीच्या सल्लामसलतीत वेळ गेला तरी तो वाया गेला असे मी कधीच मानत नाही.

संस्थांच्या बाबतीतही तसेच. दीपगृहे सांभाळणारे ट्रिनिटी हाउस, मरीटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सी, निसर्गसंरक्षण पाहणारी नॅचरल इंग्लंड, क्राउन इस्टेट, नौकाविहाराच्या संघटना आणि स्थानिक परिषद यांना मसुदा आधी पाठवावा. ट्रिनिटी हाउसच्या अधिकारांना आणि राजसत्तेच्या हक्कांना बाध येणार नाही अशी कलमे जवळजवळ प्रत्येक आदेशात असतात. ती न मागताच घालावीत. ती मागणारे पत्र येण्याची वाट पाहणारे वकील मला अजून भेटतात, आणि का ते मला कळलेले नाही.

बांधकाम असलेल्या आदेशाचा मामला निराळा, आणि आपल्या प्रश्नात बांधकाम नसल्याने थोडक्यात सांगतो. धक्का किंवा लाटरोधक बांध बांधायचा असेल तर पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन येते, 2009 च्या मरीन अँड कोस्टल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्टखाली सागरी परवाना लागतो, आणि प्रकल्प फार मोठा असेल, म्हणजे कंटेनर बंदराच्या बाबतीत वर्षाला पाच लाख टीईयूंच्या (वीस फुटी कंटेनरच्या मापाच्या) घरात क्षमता वाढवणारा असेल, तर 2008 च्या प्लॅनिंग अ‍ॅक्टखालचा वेगळाच रस्ता धरावा लागतो. 2009 च्या कायद्यातील कलम 78 मध्ये बंदराच्या कामांसाठी सागरी परवाना आणि हार्बर ऑर्डर एकाच कार्यपद्धतीने चालवण्याची सोय आहे. अधिकार आणि बांधकाम एकाच आदेशात कोंबण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बांधकामाविरुद्धची हरकत निर्विवाद कलमांनाही अडकवून ठेवते. आधी अधिकारांचा आदेश, मग बांधकामाचा.

आता कायद्यातील सुलभीकरणाबद्दल. तिसऱ्या परिशिष्टाला हात लावायचा असेल तर मी तीन ठिकाणी लावीन. निव्वळ जुन्या तरतुदी रद्द करणाऱ्या किंवा एकत्र आणणाऱ्या आदेशासाठी छोटी कार्यपद्धती हवी: इष्टतेची कसोटी कायद्यानेच काढून टाकली असताना पूर्ण जाहिरात आणि पूर्ण हरकत-प्रक्रिया ठेवण्यात अर्थ नाही. वृत्तपत्रातील दोन जाहिरातींऐवजी बंदराच्या आणि सरकारी संकेतस्थळावर सूचना, शिवाय धक्क्यावर लावलेला मोठा फलक पुरेसा व्हावा. लहान गावांतली स्थानिक वृत्तपत्रे बंद पडत चालली आहेत आणि जाहिरातीचे बिल मात्र भरावेच लागते. आणि निर्णयाच्या प्रत्येक टप्प्याला कायद्याने मुदत बांधून द्यावी, कारण आज हरकतदाराला 42 दिवसांची मर्यादा आहे, पण निर्णय देणाऱ्याला तशी मर्यादा नाही.

सुनावणीला मात्र मी हात लावणार नाही. आदेशाने माणसाचा नांगर टाकण्याचा, धक्का वापरण्याचा किंवा खाडीतून जाण्याचा हक्क कमी होऊ शकतो, आणि 1847 च्या कायद्याच्या कलम 33 ने शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला बंदर खुले ठेवले आहे. पार्लमेंटमध्ये विधेयक येत होते तेव्हा लोकांना समितीपुढे बोलता येत असे. ती जागा आता या सुनावणीने घेतली आहे. वेळ वाचवायचा म्हणून ती काढली, तर त्याची किंमत पुढे न्यायालयात मोजावी लागेल.

आपल्या बंदरासाठी क्रम असा सुचवतो. पुढच्या तीन महिन्यांत कायद्यांचा तक्ता आणि हद्दीचा नवा नकाशा; त्यात सरासरी भरतीरेषा स्पष्ट काढून क्राउन इस्टेटची लेखी संमती मागवा. मग बांधकाम नसलेला एकच मसुदा: विश्वस्त मंडळाची नवी रचना, कर्जमर्यादा, सर्वसाधारण निर्देशांचा अधिकार, परवान्यांचे कलम आणि रद्द होणाऱ्या तरतुदींचे परिशिष्ट. तो औपचारिक अर्ज करण्याआधी न्यूकॅसलला मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशनकडे अनौपचारिक तपासणीसाठी पाठवा आणि त्याच आठवड्यात गावात बैठक घ्या. बैठक भरतीच्या वेळेला ठेवू नका, कारण मच्छीमार तेव्हा पाण्यावर असतात. ओहोटीच्या संध्याकाळी ठेवा, आणि प्रत्येकाच्या हातात मसुद्याऐवजी एका पानाचा नकाशा द्या, ज्यावर जुनी हद्द निळ्या आणि नवी लाल रेषेने दाखवलेली असेल.